जुना नकाशा, आजचा मेंदू: न्यूरो-नॅव्हिगेशनचा इतिहास का वाचायचा?

पेट, नेट, सेटची तयारी करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, तुमचा विषय तर मशीनचा आहे. मग प्रबंधात इतिहासाचं प्रकरण कशाला?" खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही हेच म्हणायचो. माझा विषय आहे मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी न्यूरो-नॅव्हिगेशन यंत्रणा. रुग्णाच्या स्कॅनवरून सर्जनला "तुमचं अवजार आत्ता नेमकं इथे आहे" असं पडद्यावर दाखवणारी. यात इतिहास काय वाचायचा, नवीन सॉफ्टवेअर शिकावं की, असं वाटायचं. आज या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो. पण ते उत्तर प्रयोगशाळेत सुरू होत नाही, आमच्या घरातल्या दोन पाकिटांपासून सुरू होतं.

दोन पाकिटं

२०११ चा मे महिना. मी नववीची परीक्षा देऊन मामाकडे शिंदखेडा तालुक्यात गेलो होतो. मामा कपाशीवाला शेतकरी, सहसा न कुरकुरणारा. पण त्या वेळी रोज सकाळी उठला की "मन्हं डोकं दुखस" म्हणून बसून राहायचा. मग डावा पाय ओढायला लागला. आमच्या भागातल्या एका सेंटरवर एमआरआय काढला. मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली, मेनिंजिओमा. बहुतेक वेळा ही गाठ कॅन्सरची नसते, पण वाढत गेली की मेंदूला दाबते. धुळ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. आग्रा रोडने मालेगाव, नाशिक करत सव्वातीनशे किलोमीटर. मामाच्या मांडीवर फिल्मचं ते मोठं पाकीट होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "ऑपरेशन नॅव्हिगेशनवर करायचंय. एमआरआय परत काढावा लागेल."

परत? पाच आठवड्यांपूर्वी तर काढला होता! सात हजार रुपये गेले होते. मामींची पोत आधीच गहाण पडलेली. बाहेर बाकावर बसून आम्ही सगळे एकच बोललो, "पैसे काढायचे धंदे आहेत." दुसरा एमआरआय झाला, ऑपरेशन झालं, मामा बरा झाला. पण "शहरातले डॉक्टर उगाच दोनदा स्कॅन करतात" हे वाक्य आमच्या नातेवाइकांत कायमचं रुजलं. गावात कुणाचं डोकं दुखलं तरी ते निघतं, आणि दोघा-तिघांनी त्या वाक्यावर भरवसा ठेवून मुंबईला जाणं लांबवलेलं मी पाहिलं आहे.

त्या दिवशी डॉक्टर बरोबर होते की आम्ही? याचं उत्तर मला बारा वर्षांनी मिळालं, आणि ते इतिहासाच्या प्रकरणात मिळालं. म्हणून हा लेख.

पहिला टप्पा: चित्राशिवाय अंदाज

आधी हे समजून घ्या की मेंदूच्या सर्जनचा मूळ प्रश्न "कसं कापायचं" हा नव्हता. "कुठे कापायचं" हा होता. पोटात हात घालून चाचपता येतं. कवटी हे बंद हाडाचं भांडं आहे, आणि आतलं चाचपत गेलात तर वाटेतली वाचा जाईल, हात जाईल.

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने मेंदूतली गाठ काढली. कवटीवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गाठ कुठे आहे हे ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी फक्त लक्षणांवरून सांगितलं होतं: कुठला हात दुबळा, झटका कुठून सुरू होतो, यावरून. म्हणजे पहिलं "नॅव्हिगेशन" हे तर्काचं होतं. पुढे १९१८ मध्ये वॉल्टर डँडीने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची युक्ती शोधली. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची चित्रं घेतली. या दोन्हींत गाठ थेट दिसत नव्हती. पोकळी किंवा रक्तवाहिनी जागेवरून सरकली असेल तर शेजारी काहीतरी आहे असा निष्कर्ष काढायचा. धूर दिसला, म्हणजे विस्तव आहे, तसं.

दुसरा टप्पा: चौकट आणि वाया न गेलेली चाळीस वर्षं

१९०८ मध्ये व्हिक्टर हॉर्सले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूसाठी एक चौकट बनवली. डोकं चौकटीत घट्ट धरायचं, तीन अक्षांवर मोजमाप घ्यायचं, आणि सुई बरोबर ठरलेल्या बिंदूवर न्यायची. यालाच आपण स्टिरिओटॅक्सी म्हणतो. शाळेतला निर्देशांकांचा धडा आठवा: क्ष, य, झ दिले की अवकाशातला बिंदू ठरला.

पण माणसावर हे तंत्र खऱ्या अर्थाने वापरलं गेलं ते १९४७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या स्पीगेल आणि वायसिस यांच्या हातून. मधली जवळजवळ चाळीस वर्षं काय झालं? पाठ्यपुस्तकात या जागी कोरा पान असतो. मी गाइडना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्या जागी काही घडलं नाही असं पुस्तक सांगतं, तिथेच खणून बघ."

खणलं. कारण असं होतं की मांजराची किंवा माकडाची कवटी पाहून आतला मेंदू कुठे आहे हे बऱ्यापैकी सांगता येतं. माणसात ते जमत नाही. प्रत्येकाच्या कवटीचा आणि आतल्या रचनेचा मेळ वेगळा. त्यामुळे बाहेरच्या हाडावरून घेतलेलं मोजमाप आत चुकायचं. स्पीगेल आणि वायसिस यांनी चौकट नुसती मोठी केली नाही, संदर्भबिंदू बदलला. त्यांनी एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या आतल्या खुणा धरल्या, उदाहरणार्थ चुना साचलेली पिनियल ग्रंथी. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, स्वीडनच्या लार्स लेक्सेलने कमानीची चौकट आणली, जिचा केंद्रबिंदूच लक्ष्यावर ठेवता येतो.

तुमच्यासाठी यातला धडा असा: उपकरण तयार होतं, पण संदर्भ चुकीचा होता. संशोधनात "नवीन काय?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा नवीन यंत्र हे नसतं. कशाच्या आधारे मोजायचं, हे नव्याने ठरवणं हेच नवीन असतं.

भारतात काय चाललं होतं?

हाच तो काळ जेव्हा आपल्याकडे न्यूरोसर्जरी उभी राहत होती. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी यांनी विभाग सुरू केला, १९५० मध्ये मद्रासला बी. राममूर्ती यांनी. १९५१ मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत राम गिंडे, केईएममध्ये होमी दस्तुर, जेजेमध्ये गजेंद्र सिंह ही पहिली पिढी. मद्रासला राममूर्ती आणि बालसुब्रमण्यम यांनी १९६० च्या दशकात स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केल्या. म्हणजे "हे सगळं परदेशात झालं आणि आपण नंतर यंत्र विकत आणलं" ही गोष्ट अर्धीच खरी आहे. केईएमचे न्यूरोसर्जन सुनील पंड्या यांनी भारतातल्या मेंदूशास्त्राच्या इतिहासावर पुष्कळ लिहून ठेवलंय. सर्जन स्वतः इतिहास लिहितो तेव्हा काय बारकावे मिळतात हे पाहायला त्यांचं लेखन जरूर वाचा.

तिसरा टप्पा: एका विद्यार्थ्याचं इंग्रजी एन

१ ऑक्टोबर १९७१. लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. चित्र फक्त ८० बाय ८० चौकटींचं होतं. आज तुमच्या मोबाइलमधला साधा फोटो त्याच्यापुढे राजवाडा वाटेल. पण पहिल्यांदाच कवटी न उघडता मेंदूचा काप थेट दिसला. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

आता प्रश्न आला: काप दिसतोय, पण हा काप रुग्णाच्या डोक्यात नेमका किती उंचीवर आहे? चौकट आणि चित्र यांची गाठ कशी मारायची?

हे सोडवलं रसेल ब्राउन या वैद्यकीय विद्यार्थ्याने, १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात. युक्ती इतकी सोपी की वहीत काढून बघा. चौकटीवर तीन दांडे लावा, दोन उभे आणि एक तिरपा, इंग्रजी एन अक्षरासारखे. सीटीचा काप आडवा जातो, तेव्हा चित्रात तीन ठिपके दिसतात. कडेचे दोन ठिपके जागेवर राहतात. मधला ठिपका काप जितका वर, तितका एका बाजूला सरकतो. मधल्या ठिपक्याचं दोन्ही कडांपासूनचं अंतर मोजलं की काप किती उंचीवर आहे ते कळतं. समरूप त्रिकोण, बास. दहावीची भूमिती! असे तीन एन लावले की कापाचं पूर्ण प्रतल मिळतं.

ज्यांना वाटतं की आपण गावाकडचे, विद्यार्थी, आपल्याकडून काय होणार, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवा. रसेल ब्राउनने नवीन स्कॅनर बनवला नाही. चित्र आणि रुग्ण यांच्यामधला सांधा शोधला.

चौथा टप्पा: चौकट जाते, छिद्र लहान होतं

१९८६ मध्ये डेव्हिड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी डार्टमथमध्ये चौकटीशिवाय चालणारी पद्धत मांडली. शस्त्रक्रियेच्या मायक्रोस्कोपवर ध्वनिलहरी सोडणारी साधनं बसवली, छतापाशी मायक्रोफोन लावले, आणि आवाज पोचायला लागलेल्या वेळेवरून मायक्रोस्कोप कुठे आहे ते काढलं. १९८७ मध्ये जपानच्या एइजू वातानाबे यांनी सांध्यांचा यांत्रिक हात वापरला आणि त्याला 'न्यूरोनॅव्हिगेटर' म्हटलं. पुढे इन्फ्रारेड कॅमेरे आले. आज तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये गेलात तर डोकं पिनांच्या शिकंजात पक्कं धरलेलं दिसेल, त्या शिकंजाला जोडलेला छोट्या चमकत्या गोळ्यांचा एक चांदणीसारखा तुकडा दिसेल, आणि तशाच गोळ्या सर्जनच्या पॉइंटरवर असतील. कॅमेरा दोन्हींकडे एकदम पाहत असतो. चांदणीला कुणाचा धक्का लागून ती हलली, की पडद्यावरचं सगळं खोटं.

हे एवढं कशासाठी? कारण छिद्र लहान होत गेलं. दुर्बिणीने मेंदूत शिरायची कल्पना जुनी आहे. १९१० मध्ये शिकागोच्या लेस्पिनास या मूत्रविकार सर्जनने मूत्राशय पाहायची दुर्बीण दोन बाळांच्या मेंदूच्या पोकळीत घातली होती. १९२३ मध्ये मिक्स्टरने दुर्बिणीतूनच मेंदूत साचलेल्या पाण्याला नवीन वाट करून दिली. पण प्रकाश अपुरा, चित्र अंधुक, म्हणून तंत्र मागे पडलं. हॅरोल्ड हॉपकिन्सची काचेच्या कांड्यांची भिंगरचना १९५९-६० च्या सुमारास आली आणि एंडोस्कोपीला खरा उजेड मिळाला. मोठी कवटी उघडली की आजूबाजूच्या घड्या, रक्तवाहिन्या दिसतात, सर्जन त्यांवरून वाट ओळखतो. छिद्र लहान केलं की रुग्णाचा त्रास कमी होतो, पण वाटेवरच्या खुणाही दिसेनाशा होतात. लहान छिद्राची सोय हवी असेल तर नकाशा जास्त अचूक हवा. दोन्ही तंत्रं एकमेकांचा हात धरून वाढली ती यामुळे.

मोजणीदार आणि हद्दीचे दगड

आता माझ्या प्रबंधाचा गाभा सांगतो, आणि माझी चूकही.

नॅव्हिगेशन सुरू करताना "रजिस्ट्रेशन" करावं लागतं. म्हणजे स्कॅनमधलं डोकं आणि टेबलावरचं डोकं एकमेकांवर बरोबर बसवणं. शेताची मोजणी डोळ्यांपुढे आणा. मोजणीदार कागदावरचा नकाशा घेऊन येतो, आधी हद्दीचे दगड शोधतो. दगड नकाशाशी जुळले की मग बांध कुठे, विहीर कुठे हे सांगतो. डोक्यावर दगडांऐवजी चिकटवलेले स्टिकर असतात, किंवा नाक, भुवई, कान यांचा पृष्ठभाग असतो.

मी पहिल्या वर्षी प्लास्टिकच्या कवटीवर प्रयोग केला. सोयीचं म्हणून सगळे स्टिकर कपाळावर लावले. पडद्यावर चूक आली ०.८ मिलिमीटर. मी खूश! अहवालात ठळक अक्षरात लिहिलं. गाइडनी विचारलं, "लक्ष्य कुठे होतं?" मी म्हणालो, डोक्याच्या मागच्या भागात. "मग मागे मोजलंस का?" मोजलं, तर चूक पाच मिलिमीटर. सगळे दगड शेताच्या एकाच कोपऱ्यात जुळवले आणि दुसऱ्या टोकाची विहीर खोदायला निघालो, असा तो प्रकार होता.

पडद्यावरचा आकडा दगड किती जुळले ते सांगतो, विहीर किती जुळली ते सांगत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मायकेल फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लक्ष्यावरची अपेक्षित चूक काढायचं सूत्र दिलं. २००९ मध्ये फिट्झपॅट्रिकनी दाखवलं की एकाच मांडणीत या दोन चुकांचा परस्परसंबंधच नसतो: खुणांवरची चूक कमी आली म्हणून लक्ष्यावरची कमी असेल असं धरता येत नाही. हा इतिहास मी आधी वाचला असता तर सहा महिने वाचले असते. इतिहासाचं प्रकरण कशाला, याचं हे एक रोकडं उत्तर.

नदीने पात्र बदललं तर?

समजा दगड चारी बाजूंनी नीट जुळले. तरी एक गोष्ट उरते. नकाशा काढला तेव्हाची जमीन आज तशीच आहे का? पांझरेला पूर आला की काठची शेती कापली जाते. कागदावर बांध असतो, जमिनीवर पाणी.

मेंदूचंही तसंच होतं. कवटी उघडली, आवरण कापलं, आतला द्रव वाहून गेला, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू खाली बसतो. याला ब्रेन शिफ्ट म्हणतात. १९९८ मध्ये २८ शस्त्रक्रियांत हे मोजलं गेलं. मेंदूचा पृष्ठभाग सरासरी सुमारे एक सेंटिमीटर सरकला होता, मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने. यंत्र मिलिमीटरच्या गप्पा मारतंय आणि जमीनच सेंटिमीटरने सरकलीये!

आणि हे मोजणारे प्रमुख संशोधक कोण होते? डेव्हिड रॉबर्ट्स. बारा वर्षांपूर्वी चौकटीशिवायचं नॅव्हिगेशन मांडणारे तेच. स्वतःच्या शोधातली खोट स्वतः मोजून छापली. तुमच्या प्रबंधात 'मर्यादा' नावाचा परिच्छेद लिहाल तेव्हा हे आठवा. तो परिच्छेद उपचार म्हणून लिहायचा नसतो.

बॉस्टनचं उत्तर आणि मुंबईचं उत्तर

ब्रेन शिफ्टवर उपाय एकच: शस्त्रक्रिया चालू असतानाच नवीन नकाशा काढणे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये फेरेन्क जोलेस, पीटर ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी चक्क एमआरआय मशीनच्या आत ऑपरेशन सुरू केलं. ०.५ टेस्लाचं, मधोमध मोकळी जागा असलेलं मशीन. चित्र उत्तम, पण खर्च प्रचंड. चुंबकाजवळ चालतील अशी वेगळी अवजारं, वेगळी खोली, वेगळा भूलयंत्रसंच.

मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अलीअसगर मोइयादी आणि प्रकाश शेट्टी यांनी वेगळी वाट धरली: अल्ट्रासाउंड. हो, गरोदर बाईची सोनोग्राफी करतात तेच तत्त्व. उघडलेल्या कवटीतून छोटा प्रोब मेंदूवर टेकवायचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ही खर्चाला परवडणारी पद्धत असल्याचा उल्लेख आहे. पुढे त्यांनी नॅव्हिगेशनला जोडलेला त्रिमितीय अल्ट्रासाउंड वापरला, ज्या तंत्रावर नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइममध्ये बरंच काम झालं होतं. प्रोबवरही त्या चमकत्या गोळ्या असतात, त्यामुळे नवीन चित्र थेट नकाशात बसतं. मेंदू सरकला? परत प्रोब फिरवा, नवा नकाशा घ्या.

हा स्वस्तातला जुगाड आहे असं समजू नका. त्यालाही मर्यादा आहेत. चित्र वाचायला सराव लागतो, गाठ काढून झाल्यावर पोकळीच्या कडांना खोट्या चकाकत्या रेषा दिसतात आणि गाठ उरली की काय असा भास होतो. पण प्रश्न नीट बघा. बॉस्टनने विचारलं, सर्वांत चांगलं चित्र कसं मिळेल? मुंबईने विचारलं, रोज मोठ्या संख्येने येणाऱ्या रुग्णांसाठी पुरेसं चांगलं आणि ताजं चित्र कसं मिळेल? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कमी दर्जाचा नाही. तो वेगळ्या ठिकाणी उभं राहून विचारलेला आहे, एवढंच.

राजवाड्यांच्या गावात

मी धुळ्यात गेलो की राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूत एक चक्कर मारतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापले, गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली. त्यांचा आग्रह साधा होता: मूळ कागद बघा. कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला.

एकदा तिथून बाहेर पडताना डोक्यात आलं, एमआरआय हाही एक कागदच आहे की! तो मेंदू नाही. अमुक तारखेला, उताणं झोपून, कवटी बंद असताना मेंदू कसा होता, हे सांगणारं ते साधन आहे. आणि प्रत्येक साधन कुठल्या तरी हेतूने तयार झालेलं असतं.

त्याच दिवशी मामाकडे गेलो आणि कपाटावरची दोन्ही पाकिटं खाली काढली. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात, ती वाचली. पहिल्या एमआरआयमध्ये कापांची जाडी ५ मिलिमीटर, दोन कापांमध्ये रिकामी फट. बाजूने घेतलेल्या चित्रात नाकाचा शेंडा कापलेला. दुसऱ्यामध्ये एक मिलिमीटरचे सलग काप, फट नाही, नाक, कान, टाळू सगळं आत.

पहिला एमआरआय चुकीचा नव्हता. "गाठ आहे का?" या प्रश्नासाठी काढला होता, आणि त्याने बरोबर उत्तर दिलं. पण "गाठीपर्यंत कसं जायचं?" या प्रश्नाला तो उपयोगाचा नव्हता. फटीमध्ये काय आहे ते यंत्राला माहीत नाही. नाक-कान नसतील तर जुळवायला दगडच नाहीत. त्यात पाच आठवडे जुना. म्हणजे डॉक्टर बरोबर होते.

मग आमचा राग चुकीचा होता का? पूर्ण नाही. हे दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं होतं, ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. आणि पहिल्या सेंटरला "याचं पुढे ऑपरेशन होऊ शकतं, सलग पातळ कापांची एक मालिका जास्तीची घ्या, सीडी द्या" असं कुणी कळवलं असतं, तर कदाचित दुसरे पैसे वाचले असते.

आता तुमची पाळी

मामाच्या ऑपरेशननंतर वर्षभराने, २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होतं. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. धुळ्यात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून. जळगावहून मुंबईचा रेल्वेप्रवास सुमारे ४२० किलोमीटरचा. पाकीट घेऊन निघालेली माणसं आजही त्या गाड्यांत भेटतात.

यातून संशोधनाचे प्रश्न निघतात, आणि त्यांना कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. आपल्या जिल्ह्यांतून पुढे पाठवलेल्या किती रुग्णांचा स्कॅन परत काढावा लागतो? कारण काय: जाडी, फट, तारीख, की सीडीच दिली नाही? जिल्ह्याच्या सेंटरला एका पानाची सूचना दिली तर फरक पडतो का? वैद्यकीयवाल्यांनी, अभियांत्रिकीवाल्यांनी, समाजशास्त्रवाल्यांनी मिळून करण्यासारखं काम आहे. नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची संमती मात्र आधी. मी स्वतः प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात याची छोटी सुरुवात करतोय.

निघण्यापूर्वी विषय निवडताना स्वतःला विचारायचे तीन प्रश्न देतो. एक, मी ज्या आकड्यावर भरवसा ठेवतोय तो नेमकं काय मोजतो? दोन, माझा नकाशा कुठल्या तारखेचा आहे? तीन, तो कुणाच्या प्रश्नासाठी काढला होता? तिन्हींची उत्तरं शोधत मागे जा, इतिहासाचं प्रकरण आपोआप लिहून होईल.

मागच्या दिवाळीत मी मामाला ओसरीवर बसवून दोन्ही फिल्म उजेडात धरून दाखवल्या. ही फट, हे कापलेलं नाक, हे सलग. मामाने बराच वेळ पाहिलं. मामी आतून म्हणाली, "तवा सांगतात तर काय जातं त्यांचं?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण परवा गावात एकाला एमआरआय सांगितला, तेव्हा मामा स्वतः त्याच्यासोबत सेंटरवर गेला आणि काउंटरवर म्हणाला, "भाऊ, पुढे ऑपरेशन लागू शकतं. पातळ काप घ्या, आणि सीडी द्या."